अर्धं झाकण बदाम

प्रत्येक घराण्याचा स्वतःचा असा एक सुगंध असतो, आणि माणूस जगात कुठेही गेला तरी त्या सुगंधाच्या ओढीने आपल्या माणसांत परत येतो. माझ्या बहिणीच्या सासरचा सुगंध बदामाचा आहे. तो वीस मिलीच्या बाटलीत मिळतो आणि बाटली थंड, कोरड्या जागी ठेवावी लागते.

बहीण अकोल्याला असते, मी अमरावतीला. सकाळचा चहा घेऊन निघालं की दुपारच्या जेवणाला तिच्याकडे पोचता येतं, मूर्तिजापूरला गाडी रखडली नाही तर. मी तिला ताई म्हणतो. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे आणि साठ वर्षांनी मोठी असल्यासारखी वागते. आमच्यात ठरलेलं असं की दिवाळीच्या आधी कधीतरी मी बाटली पोचवायची आणि भाऊबिजेला जाऊन नानखटाई खायची. तीस वर्षं हे चाललं होतं, आणि बाटलीचा विषय आम्हा दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हता.

सुरुवात कशी झाली ते सांगायला हवं. अकोल्यात दिवाळीच्या आधी घरचं सामान घेऊन भट्टीवर जायची पद्धत अजून पुरती मेलेली नाही. मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची, तिथली माणसं मळून, वळून, भाजून देतात. तोवर बायका बाकावर बसून आपापल्या ट्रेवर नजर ठेवतात. आपलं तूप दुसरीच्या ट्रेमध्ये गेलं असा संशय प्रत्येकीला असतो. दुसरीचं आपल्या ट्रेमध्ये आलं असा संशय आजवर कोणाला आल्याचं ऐकिवात नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ताईच्या सासूने तिच्या हातात पावशेर बदाम ठेवले आणि नानखटाईत घालायला सांगितलं. ताईने ते भिजवले, सोलले, वाटले आणि पिठात घातले. भट्टीवाल्या चाचांनी विचारलं, बाई, इसेन्स कोणता टाकू, इलायची, व्हॅनिला की बदाम? ताईने त्यांच्याकडे जरा तुच्छतेनेच पाहिलं, कारण तिच्या पिठात खरा बदाम होता. घरी सासऱ्यांनी एक खाल्ली. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि अन्नालाही शेरा देत. त्यांनी दिलेला शेरा होता, ‘ठीक.’

दुसऱ्या वर्षी पुन्हा पावशेर बदाम आले. ताईला तेव्हा दिवस गेले होते आणि भूक वेळीअवेळी लागे. महिनाभरात एकेक करून तिने ते सगळे खाऊन टाकले. भट्टीवर गेल्यावर तिला हे आठवलं. चाचांनी पुन्हा तेच विचारलं, आणि या खेपेस ती हळूच ‘बदाम’ म्हणाली. चाचांनी एक झाकण ओतलं. घरी सासऱ्यांनी एक खाल्ली, डोळे मिटले, दुसरी घेतली आणि म्हणाले, ‘याला म्हणतात बदाम.’

ताई काही फार शिकलेली नाही, पण दोन वर्षांत एकच गोष्ट बदलून निकाल कसा लागतो हे तिने पाहिलं होतं, आणि तिने निष्कर्ष काढला. पुढच्या वर्षीपासून ती इसेन्स घरीच, स्वयंपाकघराचं दार लावून तुपात घालू लागली, कारण भट्टीवर बाकीच्या बायकांनी पाहिलं असतं. अकोल्यातले दुकानदार ओळखीचे, म्हणून बाटली अमरावतीहून. सासूने दिलेले बदाम ती दरवर्षी खाऊन टाकी. पुढे सासू गेल्यावर स्वतःच विकत आणून खाई. कोणी विचारलं की नानखटाईवर अख्खा बदाम का लावत नाही, तर ती म्हणे, वर लावलेला बदाम लोकांना दाखवायचा असतो, माझा आत आहे. त्या बदामांवर पोसलेला माझा भाचा आज एकतीस वर्षांचा आहे आणि हुशार समजला जातो.

फसवणूक म्हणावी तर तीही पूर्ण नाही. आपण जे बदाम खातो त्यांना भाजलेल्या पिठात सांगण्यासारखा वास उरत नाही. ज्याला सगळे बदामाचा वास म्हणतात तो कडू बदामाचा असतो, किंवा जर्दाळूच्या बीच्या आतल्या गराचा, आणि हल्ली बहुतेक वेळा कारखान्याचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. तिथे कोणी फारसं येत नाही, त्यामुळे अशा गोष्टी वाचायला वेळ मिळतो.

या वासाचे सर्वांत मोठे जाणकार म्हणजे ताईचे दीर. ताई त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि एखाद्या धरणाचं उद्घाटन करावं तशा आवाजात चहा मागतात. वहिनींच्या नानखटाईत मामरा हा सर्वांत महागडा बदाम असतो, तोही काश्मीरचा, असा शोध त्यांनी फार पूर्वी लावला होता. दादा, म्हणजे माझे मेहुणे, हयात होते तेव्हा मान डोलावत. मेहुणे जाऊन आता सहा वर्षं झाली. भाऊजींनी मात्र शोधात भर घालणं थांबवलेलं नाही. एका वर्षी त्यांनी नुसत्या वासावरून सांगितलं की यंदाचा माल जुन्या झाडाचा आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमचा नेहमीचा इसेन्स बाजारातून नाहीसा झाला. ताईला उन्हाळ्यात बदाम सरबतासाठीही तो लागतो आणि कोजागिरीच्या दुधातही. मी अमरावतीत हिंडलो. आमच्याकडे आता केकच्या सामानाची दुकानं झाली आहेत, कारण दर दोन गल्ल्यांआड एक केकचा क्लास आहे. अशाच एका दुकानात गेलो तर मालकीण बाईंनी सांगितलं की इसेन्स जुना झाला, आता तेलातला फ्लेवर घ्या. पाण्यातला नि स्पिरिटमधला वास भट्टीत अर्धा उडून जातो, तेलातला टिकतो, आणि तो इतका दाट असतो की किलोला चार थेंब पुरतात. त्यांनी एकेका बाटलीचं बूच उघडून माझ्या नाकाखाली धरलं. पिस्ता, अक्रोड, हेझलनट, आणखी एक असं फळ ज्याचं नाव त्यांनाही नीट उच्चारता येईना. हेझलनटची कॉफी आमच्या कॉलेजसमोर मिळते आणि पोरं ती आवडीने पितात. हेझलनट प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला अमरावतीत अजून भेटायचा आहे. पिस्त्याचं बरं असतं, हिरवा रंग घातला की लोकांना वास आपोआप येतो.

बदामाच्या दोन बाटल्या त्यांनी काचेवर मांडल्या. एक कृत्रिम, दुसरी म्हणे खऱ्या बदामाच्या गरातून काढलेली, बरीच महाग. दोन्हींवर बदामाचं चित्र सारखंच होतं. ताईने फोनवर ‘चांगलं आण’ एवढंच सांगितलं होतं. मी थोडा वेळ दोन्ही हातात धरून उभा राहिलो आणि एक घेतली. कोणती, हे तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

मे महिन्यात भाच्याचं लग्न झालं. सून नाशिकची. औषधं बनवणाऱ्या कंपनीत होती आणि तिथे तिचं काम म्हणजे छापायला जाण्यापूर्वी लेबलं तपासणं. बारीक अक्षरांतला प्रत्येक शब्द, प्रत्येक आकडा, प्रत्येक ठिपका. लग्नानंतर तेच काम ती अकोल्याहून घरी बसून करू लागली.

घरात आल्यावर दुसऱ्याच दिवशी ताईने सगळ्यांसमोर तिच्या हातात बदाम सरबताचा पेला दिला. सुनेने तो हातात घेतला, वास घेतला आणि अदबीने खाली ठेवला. म्हणाली, आई, मला बदाम चालत नाही. लहानपणी बदामाचं दूध प्यायले होते तेव्हा ओठ सुजले, श्वास लागला, दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून मी कुठलाच सुकामेवा खात नाही.

बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बदामाने त्रास होतो हे वऱ्हाडात पटणं कठीण आहे. इथे बदाम परीक्षेच्या आधी खातात. पुढचे आठ दिवस नातेवाइकांत हाच विषय होता की नाशिकच्या पोरीला सासूच्या हातचं चालत नाही. भाऊजींनी तर निर्णयच दिला की हे सगळं मनाचं असतं आणि भिजवलेले दोन बदाम रोज खाल्ले तर सवय होते. सुनेने त्यांना शांतपणे सांगितलं, काका, सवय होत नाही, माणूस मरतो.  भाऊजींच्या खात्यात असं स्पष्ट कोणी बोलत नसे.

ताईचा मला फोन आला. तिची अडचण माझ्या लगेच लक्षात आली. सुनेला जे चालत नाही ते ताईच्या नानखटाईत कधी नव्हतंच. एक वाक्य बोललं की पोरीवरचा ठपका जाईल आणि ती घरातल्यांसारखं घरचं खाईल. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे तीस वर्षं गेली.

‘सांगून टाक,’ मी म्हणालो.

‘तुले सोपं हाय सांगाले,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘सासरे शेवटच्या दुखण्यात काहीच खात नव्हते. माह्या हातची नानखटाई मागितली होती त्यायनं. दुधात भिजवून अर्धी खाल्ली. म्हणाले, बदाम आहे तोवर ताकद राहील. त्यायले मी काय इसेन्स खाऊ घातला?’

इसेन्सच खाऊ घातला होता. बाटली मी नेऊन दिली होती.

दिवाळी जवळ आली तेव्हा ताईने स्वतःच तोड काढली. यंदा दोन प्रकार करायचे, सगळ्यांसाठी बदामाची आणि सुनेसाठी बिनबदामाची. मी विचारलं, फरक काय? ती म्हणाली, एकात बाटली, दुसऱ्यात वेलची. पीठ तेच, तूप तेच, परात तीच. बदाम कशातच नाही. दोन्हींचं पीठ वेगवेगळ्या डब्यांत भरून तिने भट्टीवर नेलं, वेगवेगळ्या ट्रेंवर लक्ष ठेवलं आणि बाकावरच्या बायकांना तपशीलवार सांगितलं की सुनेसाठी मुद्दाम वेगळं काढावं लागतं. त्या बायकांनी तिचं कौतुक केलं. सुनेवरचा ठपकाही जरा हलला, कारण सासू एवढं करते म्हणजे काहीतरी खरं असणार.

एकच गडबड झाली. मी तिला चार थेंब असं तीनदा सांगितलं होतं. पण तिच्या घरात इसेन्सचं माप झाकण. अर्धं झाकण, एक झाकण. थेंब हे माप डोळ्यांच्या औषधाचं. चार थेंबांनी काय होते, असं म्हणून तिने अर्धं झाकण घातलं, आणि तेही, तिच्या म्हणण्यानुसार, हात आखडून. परिणाम असा झाला की मी भाऊबिजेला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरलो तेव्हाच मला बदाम जाणवला. घरात पडद्यांना तो वास होता, वर्तमानपत्राला होता, ओवाळणीच्या ताटातल्या सुपारीलाही होता. नानखटाई किंचित कडवट लागत होती. भाऊजी दोन दिवसांपासून येऊन राहिले होते. त्यांनी मला समजावून सांगितलं की कडवटपणा हीच अस्सल मामऱ्याची खूण आहे.

नानखटाईचे दोन डबे होते. मोठा स्टीलचा, सासऱ्यांच्या निवृत्तीत शाळेने दिलेला, वर तसं कोरलेलं. छोटा लग्नात आलेला, सुनेचा. छोट्या डब्यालाही वास येत होताच. सुनेने पहिल्या दिवशी विचारलं होतं तेव्हा ताई म्हणाली होती की वास घरालाच येते, आणि ते खरं होतं.

ओवाळणं झालं, जेवणं झाली. दुपारी चार वाजता चहा आला. सुनेने आपल्या छोट्या डब्यातून दोन नानखटाया घेतल्या, चहाबरोबर खाल्ल्या आणि तिसरी उचलली. समोर भाऊजी बशीत चहा ओतत होते. त्यांचं लक्ष तिच्या हातातल्या डब्याकडे गेलं आणि बशी तशीच राहिली. चहा धोतरावर सांडला तरी ते हलले नाहीत.

‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘माह्या हातून चूक झाली.’

मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. त्यांच्या तोंडून वऱ्हाडी मी पहिल्यांदा ऐकली. त्यांनी उभं राहून जे सांगितलं ते असं: बदामाच्या आणि बिनबदामाच्या नानखटाईत नेमका किती फरक पडतो हे ते दोन दिवस तपासत होते. तुलना नीट व्हायची तर दोन्हीकडची बरोबरीने खावी लागते. तपासता तपासता छोटा डबा संपला. सुनेचं आपण खाऊन टाकलं याची त्यांना लाज वाटली, आणि सकाळी कोणी नसताना त्यांनी मोठ्या डब्यातून तो भरून ठेवला. सांगायचं त्यांच्या मनात होतं. मग ओवाळणं सुरू झालं आणि राहून गेलं.

सुनेने हातातली नानखटाई खाली ठेवली; कडवटपणा ती चहाचा समजली होती. घड्याळाकडे पाहिलं. दोन बोटांनी ओठ चाचपले. भाचा गाडीची किल्ली शोधायला धावला, जी त्याच्या खिशातच होती.

तेव्हा ताई उठली. ‘काही होत नाही तुले,’ ती म्हणाली. ‘त्याच्यात बदाम नाही.’

‘आई, ही वेळ आहे का?’ भाचा म्हणाला.

‘एकही नाही. तीस वर्सं झाले, मी त्याच्यात एक बदाम घातला नाही.’

 मला वाटलं, गेलं. सासऱ्यांची शेवटची अर्धी नानखटाई, मेहुण्यांचं मान डोलावणं, कोजागिरीचं दूध, सगळं एका वाक्यात गेलं. मी ताईच्या चेहऱ्याकडे पाहू शकलो नाही.

मग भाऊजी, डोळ्यांत पाणी आणून, भाच्याला म्हणाले की आईला सांभाळ, घाबरल्यामुळे त्या काहीही बोलत आहेत. भाच्याने तिला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

‘अरे मी खरं सांगून राहिली,’ ताई म्हणाली.

‘हो आई,’ भाचा म्हणाला. ‘पाणी पी.’

प्रश्न फक्त सुनेने विचारला. तिचा आवाज कामावरचा होता. ‘बदाम नाही, तर वास कशाचा?’

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात गेलो. हळदीच्या बरणीमागे बाटली होती. ती हातात घेतली आणि तेव्हा कुठे मला मार्च महिन्यातलं ते दुकान आठवलं. काचेवर दोन बाटल्या. त्यातली एक खऱ्या बदामाची. मी कोणती घेतली? पैसे वाचवणारा माणूस म्हणून मी स्वतःला ओळखतो, पण ताईने चांगलं आण म्हटलं होतं, आणि ताईने सांगितलेलं करण्याचीही मला सवय आहे. बाटलीवर बदामाचं चित्र होतं. खाली मुंगीएवढी अक्षरं होती. चष्मा बाहेरच्या खोलीत होता. मी बाटली लांब धरली, जवळ धरली, खिडकीत धरली. सून मागोमाग आली होती, तिच्यामागे ताई. सुनेने ती माझ्या हातातून घेतली.

तिने ती वरपासून वाचायला सुरुवात केली. मधलं काही सोडलं नाही. उत्पादनाचा महिना वाचला, ठेवण्याची पद्धत वाचली. मला तिला घाई करावीशी वाटली, पण हे तिचं काम होतं. मग ती म्हणाली, ‘सूर्यफुलाचं तेल. कृत्रिम स्वादद्रव्य. सुकामेव्याचा कोणताही घटक नाही.’ तिने बाटली फिरवली, पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाली, ‘कंपनीच्या पत्त्यात एक चूक आहे.’

ताई ओट्याला टेकून उभी होती. ‘झालं तुह्यं समाधान?’ तिने विचारलं.

‘आई, मला आधी सांगायचं ना,’ सून म्हणाली.

‘सांगितलं ना आता. कोणी ऐकलं?’

तरीही सून दवाखान्यात जायचं म्हणाली, कारण लेबलावर छापलेलं सगळं खरं असतं असं तिला अनुभवाने वाटत नव्हतं. आम्ही सगळे गेलो. तिथल्या डॉक्टरांनी काय खाल्लं म्हणून विचारलं. भाऊजी पुढे होऊन मामरा बदाम म्हणाले. ताई म्हणाली इसेन्स. डॉक्टरांनी दोन्ही लिहून घेतलं आणि दोन तास बाकावर बसवून ठेवलं. सुनेला काही झालं नाही. भाऊजींचा रक्तदाब तपासून त्यांना एक गोळी द्यावी लागली.

त्या बाकावर ताई माझ्या शेजारी बसली होती.  मला वाटलं, तिला लोकांसमोर कबूल करावं लागल्याचं वाईट वाटत असेल. तसं काही नव्हतं.

‘खरं बोलून पायलं भाऊ,’ ती म्हणाली. ‘नाही चालत.’

पलीकडे सून बसली होती. तिने ते ऐकलं. पर्समधून तिने बाटली काढली, जी ती डॉक्टरांना दाखवायला घेऊन आली होती, आणि ताईच्या हातात दिली. ‘पुढच्या वर्षी मी मोजून घालेन,’ ती म्हणाली. ‘अर्धं झाकण फार होतं.’ ताईने बाटली पदराखाली घेतली, इतकी सहज की मला तीस वर्षांचा सराव दिसला.

भाऊजींनी घरी परतताना गाडीत निष्कर्ष काढला. सुनेने तीन नव्हे, दोनच खाल्ल्या होत्या, पण त्याही मोठ्या डब्यातल्या होत्या, आणि तिला बाधल्या नाहीत. म्हणजे बाधतो तो बाजारातला भेसळीचा बदाम. शुद्ध मामरा कोणालाच बाधत नाही. सुनेने त्यांना गाडीतच बजावलं की हे साफ खोटं आहे, आणि कोणा सुकामेवा न चालणाऱ्याला असं सांगून खाऊ घातलंत तर मी तुमच्यावर तक्रार करेन. भाऊजींनी मान हलवली. तेव्हापासून ते हा सिद्धांत फक्त सून नसताना सांगतात. मूर्तिजापूरच्या एका लग्नात तो मला एका अनोळखी माणसाने ऐकवला.

यंदाच्या दिवाळीला सुनेने ड्रॉपर आणला आणि किलोला चार थेंब मोजून घातले. ताई शेजारी उभी राहून चार थेंबांनी काय होते असं म्हणत राहिली. नंतर एक घास खाऊन म्हणाली, ‘होते बापा.’ डबे मात्र दोनच आहेत. आता दोन्हींत एकाच पिठाची, एकाच बाटलीची, एकाच ट्रेमधली नानखटाई असते. छोटा डबा बंद करावा असं मी सुचवलं होतं, पण दोघींनी ते मानलं नाही. भाऊजी येतात, ते तुलना करतात आणि त्यांना फरक कळतो. या वर्षी त्यांनी छोट्या डब्यातली एक खाऊन सांगितलं की चांगली आहे, पण बदाम नसल्याचं जाणवतं. सून म्हणाली, हो काका.

मी निघताना तिने मला बाटली पुन्हा दाखवली. संपत आली होती, नवी आणायची होती. कंपनीच्या पत्त्यातली चूक अजून तशीच आहे, ती म्हणाली, आणि आणखी एक आहे. लेबलावरचं चित्र बदामाचं नाही. जर्दाळूच्या बीचं आहे.